तळ्याच्या अल्याड ज्वालामुखी, पल्याड ढग

कोस्टा रिकाला मधुचंद्राचा बेत आखणारी जोडपी हमखास फसतात ती नकाशापाशी. देश दिसतो एवढासा. क्षेत्रफळ ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढं. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, मधोमध ज्वालामुखींची रांग. मग यादी वाढत जाते: कासवांचा किनारा, माकडांचं जंगल, राफ्टिंग, ज्वालामुखी, ढगांतलं अरण्य. आठ-दहा दिवसांत सगळं बसवलं की निम्मा मधुचंद्र घाटवळणांवर गाडीत जातो आणि उरलेला बॅगा भरण्यात.

त्यापेक्षा दोनच मुक्काम धरावेत. एक आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याचं ला फोर्तुना आणि दुसरा डोंगरमाथ्यावरचं मोंतेवेर्दे. सरळ रेषेत दोन्ही गावं एकमेकांच्या अगदी जवळ, पण मध्ये आरेनालचं तळं आणि डोंगर. एकीकडे गरम पाण्याचे झरे नि धबधबे, दुसरीकडे थंड वारा नि धुकं. दोघांपैकी एकाला दमछाक हवी असेल आणि दुसऱ्याला निवांतपणा, तर कोणाचंही मन मोडावं लागत नाही.

अल्याड: आरेनाल

ला फोर्तुनाच्या रस्त्यावर उभं राहिलं की समोर आरेनाल दिसतो, चित्रातल्यासारखा नीटस शंकू. उंची सुमारे १,६७० मीटर. दिसतो, असं म्हणायचं. पुष्कळदा तो दिवसभर ढगांत तोंड लपवून बसलेला असतो आणि पहाटे तासभरच दर्शन देतो. त्यामुळे खोली घेताना ज्वालामुखीच्या बाजूची मागावी आणि पहिले दोन दिवस तरी लवकर उठावं.

२९ जुलै १९६८ पर्यंत आसपासच्या लोकांच्या लेखी हा साधा डोंगर होता. त्या दिवशी तो फुटला. पश्चिमेकडची वस्ती उद्ध्वस्त झाली, ८७ माणसं गेली. पूर्वेकडचं ला फोर्तुना वाचलं. पुढे २०१० पर्यंत आरेनाल धुमसत राहिला आणि रात्री लाल ठिणग्या पाहायला जगभरातून लोक येत राहिले. आता लाव्हा थांबला आहे. माथ्यावर चढायला बंदी आहे, पण १९६८ च्या लाव्ह्याच्या काळ्या, ओबडधोबड दगडांवरून पायवाटा काढल्या आहेत. त्यांवरून चालताना कडेची झाडी कशी वाढत आली ते पाहावं. दगडाच्या भेगेत आधी शेवाळ आणि नेचे, मग झुडपं, मग सावली देणारी झाडं.

ज्वालामुखी निजला तरी पोटातली धग गेलेली नाही. ती झऱ्यांतून बाहेर येते. ताबाकोन परिसरात चक्क गरम पाण्याची नदी वाहते. तिच्या काठी महागडी रिसॉर्टं आहेत आणि पुलाजवळ स्थानिक लोक फुकट डुंबतात तो भागही आहे. रिसॉर्टमध्ये दिवे, हिरवळ, टॉवेल सगळं मिळतं. नदीत मिळतं ते फक्त गरम पाणी आणि आजूबाजूला हसणारी-खिदळणारी कुटुंबं. एक संध्याकाळ इथे, एक तिथे, असं करून पाहायला हरकत नाही.

गावाजवळचा धबधबा सुमारे ७० मीटरचा. खाली जायला पाचेकशे पायऱ्या आहेत. उतरताना जोडपी गप्पा मारत असतात, चढताना नुसते श्वास ऐकू येतात. पाण्याचा जोर जिथे थेट पडतो तिथे पोहू देत नाहीत. थोडं खाली प्रवाहात पाय सोडून बसायला सुरेख जागा आहेत. राफ्टिंग पहिल्यांदाच करणार असाल तर बाल्सा नदी बरी, फार जिवावर बेतणारी नाही. अनुभव असलेल्यांनी पाकुआरे नदीचा विचार करावा, मात्र ती देशाच्या दुसऱ्या भागात आहे आणि तिच्यासाठी वेगळा दिवस मोडतो.

आणि स्लॉथ. हा प्राणी स्वतःच्या नजरेने शोधू म्हणाल तर मान दुखेल, हाती काही लागणार नाही. इथले वाटाडे तिपाईवर दुर्बीण लावतात आणि पानांतला करडा गोळा म्हणजे तो, असं दाखवतात. तीन बोटांचा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच झाडाखाली उतरतो, तोही शौचासाठी. त्याला कवटाळून फोटो काढू देणाऱ्यांकडे फिरकूच नये. जंगली प्राण्यांसोबतच्या असल्या सेल्फींविरुद्ध इथल्या सरकारने मोहीम चालवली आहे.

तळं ओलांडताना

ला फोर्तुनाहून मोंतेवेर्देला रस्त्याने जायचं तर तळ्याला वळसा घालून तीन-चार तास मोडतात. त्याऐवजी व्हॅनने धक्क्यावर, बोटीने पलीकडे आणि पुन्हा व्हॅनने डोंगरावर, असा प्रवास बहुतेक हॉटेलं ठरवून देतात. वेळ थोडा वाचतो, पण खरी मजा बोटीत आहे. आकाश मोकळं असेल तर आरेनालचा शंकू मागे मागे सरकताना दिसतो. हे तळं निसर्गाने दिलेलं दिसत असलं तरी आजचा त्याचा विस्तार धरणाचा आहे. १९७९ च्या सुमारास धरण झालं, जुनं आरेनाल गाव पाण्याखाली गेलं आणि लोकांना नव्या जागी वसवलं. या पाण्यावर वीज होते, मग तेच पाणी पुढे ग्वानाकास्तेच्या कोरड्या शेतांना मिळतं.

पल्याड: मोंतेवेर्दे

सुमारे १,४०० मीटर उंचीवर हवा एकदम बदलते. कॅरिबियनकडून येणारा दमट वारा डोंगरधारेवर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि त्याचे ढग थेट झाडांतच अडकतात. पाऊस नसतानाही पानांवरून पाणी ठिबकत राहतं. एकेका फांदीवर शेवाळ, नेचे आणि ऑर्किडं इतकी दाटलेली की मूळ झाड कोणतं ते वाटाड्यालाच विचारावं. आंबोलीचा श्रावण ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा ओलावा ओळखीचा वाटेल.

हे जंगल टिकलं त्यामागे एक चमत्कारिक कथा आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या काही क्वेकर पंथीय तरुणांनी सक्तीच्या लष्करभरतीला नकार देऊन तुरुंगवास पत्करला. शस्त्र न धरणाऱ्यांना जगता येईल असा देश शोधत त्यांची कुटुंबं १९५१ साली इथे आली. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपलं सैन्यच बरखास्त केलं होतं. त्यांनी जमीन घेतली, गाई पाळल्या, चीज बनवायला सुरुवात केली. आपलं पाणी डोंगरावरच्या जंगलातून येतं हे ओळखून वरचा मोठा पट्टा तोडायचा नाही, असं ठरवलं. १९७२ मध्ये तिथे राखीव अरण्य झालं. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या शाळकरी मुलांनी जंगलखरेदीसाठी पैसे जमवले आणि त्यातून मुलांच्या नावाचं दुसरं मोठं अरण्य उभं राहिलं. शेजारचं सांता एलेना राखीव जंगल तर गावातल्या शाळेशी जोडलेलं आहे.

सगळंच वाचलं असं मात्र नाही. इथे एक सोनेरी बेडूक होता, नर झळाळत्या नारिंगी रंगाचा. जगात फक्त याच डोंगरावर. १९८७ च्या विणीच्या हंगामात डबक्यांभोवती हजाराहून अधिक मोजले गेले. १९८९ मध्ये एकच दिसला, त्यानंतर एकही नाही. ढगांचा थर वर सरकतो आहे आणि धुक्याविना जाणारे कोरडे दिवस वाढत आहेत, असं इथल्या संशोधकांनी नोंदवलं आहे.

मोंतेवेर्देचं नाव जगभर गाजलं ते तारांवरून घसरण्यासाठी. जंगलाच्या शेंड्यांवरचं जग अभ्यासायला जीवशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात दोर बांधून वर चढू लागले. त्याच कल्पनेतून पुढे झिपलाइनचा धंदा निघाला. इथल्या काही तारा किलोमीटरभर लांब आहेत. जोडीदाराला उंचीची भीती असेल तर ओढाताण करू नये. शेंड्यांच्या उंचीवरून जाणारे झुलते पूल आहेत, आणि तिथे थांबून बघता येतं हा त्यांचा मोठा फायदा. रात्रीची पायपीट दोघांनाही जमते. टॉर्चच्या उजेडात झोपलेले पक्षी, टॅरँटुला कोळी, वेलीवर वेटोळं घालून बसलेला हिरवा साप, एकेक दिसू लागतं.

मार्च ते मे दरम्यान गेलात तर केत्झाल पक्षी दिसण्याची शक्यता बरी असते. हिरवा झळाळ, तांबडं पोट आणि नराची हातभर लांब शेपटी. कुजलेल्या खोडातल्या ढोलीत नर-मादी पाळीपाळीने अंडी उबवतात. नराची पाळी असली की शेपटीची टोकं बाहेर लोंबत राहतात आणि घरी कोण आहे ते खालूनच कळतं.

बेत कसा आखाल?

दहा दिवस असतील तर चार रात्री ला फोर्तुना, तीन मोंतेवेर्दे आणि उरलेल्या पॅसिफिकच्या एखाद्या किनाऱ्यावर. आठच दिवस असतील तर किनारा सोडून द्यावा. समुद्र कोकणातही आहे. ढगांतलं जंगल रोज भेटत नाही. रोज सकाळी एक कार्यक्रम, दुपार मोकळी, एवढंच गणित ठेवावं. दुपारचा पाऊस धरला तरी ते बिघडत नाही.

तुलसी विवाहानंतर सुरू होणारी आपली लग्नसराई आणि तिथला डिसेंबर ते एप्रिलचा कोरडा हंगाम जवळजवळ जुळतात. पण नाताळात आणि ईस्टरच्या आठवड्यात दर चढतात, गर्दीही उसळते. मे ते नोव्हेंबर पावसाळा. सकाळी ऊन, दुपारी सरी, दर कमी. पॅसिफिकच्या बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. आरेनालला पाऊस कधीही येतो आणि मोंतेवेर्देत डिसेंबर ते फेब्रुवारी बोचरा वारा सुटतो. रेनकोट आणि एक स्वेटर हवाच.

जेवणाचे शाकाहाऱ्यांनाही फार हाल नाहीत. भात-घेवड्याचा गाल्लो पिंतो नाश्त्याला, तर दुपारी ताटात भात, घेवडा, कोशिंबीर आणि तळलेलं पिकलं केळं. 'सोडा' नावाच्या घरगुती खानावळींत हे स्वस्त मिळतं. घेवड्यात डुकराची चरबी घातली आहे का, एवढं आधी विचारावं. मोठ्या रेस्टॉरंटांत १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क लागतं; देश एकूणच महाग आहे.

कसं जाल?

भारतातून थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकामार्गे सान होसेला उतरायचं, दिवसाहून अधिक वेळ धरायचा. तिथून ला फोर्तुना गाडीने सुमारे तीन तास. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्यांना मात्र हे चार-सहा तासांच्या उड्डाणाचं काम. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध बहुप्रवेश व्हिसा असणाऱ्यांना सवलत आहे. नियम बदलत असतात, म्हणून दिल्लीतल्या दूतावासाकडे खात्री करावी आणि वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसाही तपासावा. राखीव अरण्याची तिकिटं आणि वाटाड्या आधी ठरवून ठेवावेत. आणि लग्नानंतर नाव बदलणार असलात, तरी तिकीट नि व्हिसा काढताना पासपोर्टवर आज जे नाव आहे तेच घालावं. विमानतळावर सासर-माहेर कोणी ऐकून घेत नाही.