झूम कॅमेरा आणि शिंप्याचं घरटं

मुलीनं नवा झूम कॅमेरा हातात ठेवला, तेव्हा पहिला नेम धरला परसातल्या अंजिरावर. तिथं शिंपी पक्ष्यानं पानं शिवून घरटं केलं होतं. पहिली पंधरा छायाचित्रं धुरकट आली. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, माझ्या हाताचा होता.

झूम दोन प्रकारचा असतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं पुढंमागं सरकतात आणि चित्र खरोखरच मोठं होतं. डिजिटल झूम मधला तुकडा कापून नुसता ताणतो. तपशील वाढत नाही. म्हणून तो बंदच ठेवावा. भिंगानं पक्षी मोठा होतो, तशी हाताची थरथरही मोठी होते. साधा ठोकताळा असा : ४०० मिलिमीटरपर्यंत झूम केला, तर शटरचा वेग सेकंदाच्या ४००व्या भागाइतका तरी हवा. शिंप्यासारख्या चपळ पक्ष्याला हजारावा भाग बरा. त्यासाठी उजेड भरपूर लागतो. कॅमेरा खिडकीच्या चौकटीवर टेकवावा, श्वास रोखावा आणि मग बटण दाबावं.

एक चूक मात्र कबूल केली पाहिजे. घरटं नीट दिसावं म्हणून आडवं येणारं एक पान मी दोऱ्यानं बाजूला बांधलं. अर्ध्या तासात कावळा फांदीवर हजर! धावत जाऊन दोरा सोडला. अंड्यांवरची मादी परतेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

हाती झूम असताना पुढं जायची गरजच काय होती? आता मी खिडकीतूनच टिपतो. ते पान चित्रात आडवं येतं. येऊ दे.