बराकींतलें बोलणें आणि ठाण्यांतली वही

‘ओठांत एक आणि पोटांत एक’ ही म्हण मराठींत घरोघरीं वापरली जाते. चारचौघांत जें बोललें जातें तें ओठांतलें आणि दार लावून मित्रमंडळींत जें बोललें जातें तें पोटांतलें, असा तिचा अर्थ सामान्यतः केला जातो. हा अर्थ खरा मानला तर माणसाचें शील पारखण्याचा मार्ग फारच सोपा होईल; त्याचें खाजगी बोलणें चोरून ऐकावें, म्हणजे झालें. परंतु खाजगी बोलण्यालाहि श्रोते असतात, आणि जेथें श्रोते आहेत तेथें थोडेंफार नाटकहि आलेंच. मग तें बोलणें खरोखर पोटांतलें, कीं ओठांचाच दुसरा एक प्रकार? एरवीं हा प्रश्न गप्पांपुरता ठीक. पण ज्याच्या हातीं कोठडीची किल्ली आहे त्याच्याविषयीं तो विचारला, म्हणजे त्याचें वजन एकदम वाढतें.

इंग्लंडमध्यें हा प्रश्न २००३ सालीं मोठ्या गाजावाजानें पुढें आला. त्याच्या आधीं दहा वर्षें, १९९३ च्या एप्रिलांत, आग्नेय लंडनमध्यें स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णी तरुणाचा गोऱ्या मुलांच्या टोळक्यानें खून केला होता. तपासांत झालेल्या हयगयीची चौकशी सर विल्यम मॅकफर्सन यांनीं केली व १९९९ सालच्या आपल्या अहवालांत लंडनच्या पोलीस दलावर ‘संस्थागत वर्णद्वेषा’चा ठपका ठेवला. त्यानंतर सुधारणेचीं आश्वासनें आलीं, समभावाचे पाठ आले. हे पाठ अंगीं कितपत मुरतात हें पाहण्यासाठीं मार्क डॅली नांवाचा बी.बी.सी.चा वार्ताहर मँचेस्टरच्या दलांत शिपाई म्हणून भरती झाला, वॉरिंग्टन येथील शिक्षणकेंद्रांत इतर उमेदवारांसमवेत राहिला आणि लपविलेल्या यंत्रानें त्यांच्या गप्पा टिपून घेतल्या. ऑक्टोबर २००३ मध्यें तो चित्रपट साऱ्या देशानें पाहिला. आशियाई लोकांविषयीं शिवराळ तिरस्कार, मेलेल्या लॉरेन्सविषयीं निर्दय उद्गार, आणि एका उमेदवारानें तर अमेरिकेंतल्या कू क्लक्स क्लॅनच्या टोपड्याची नक्कल करून तें डोक्यावर चढविलेलें! कित्येकांनीं राजीनामे दिले. गृहमंत्र्यांनीं आरंभीं वार्ताहराच्या चोरट्या रीतीवरच टीका केली होती, हेंहि नमूद करण्याजोगें आहे.

अशा वेळीं जो बचाव केला जातो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. तरुण पोरें, दिवसभराच्या कवाइतीनें शिणलेलीं, रात्रीं बराकींत कांहीं तरी बरळतात. तें काय मनावर घ्यावयाचें? हा बचाव वरवर वाटतो तितका पोकळ नाहीं. रिचर्ड लापियेर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९३० ते १९३२ या काळांत एका तरुण चिनी जोडप्यासह अमेरिकेचा लांबलचक प्रवास केला. त्या काळीं तेथें चिनी लोकांविषयीं फार आकस होता. तिघे मिळून अडीचशें हॉटेलांत व खाणावळींत गेले. त्यांना नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणीं. पुढें कांहीं महिन्यांनीं लापियेरनें त्याच चालकांना पत्रें पाठवून ‘आपण चिनी गिऱ्हाईक घ्याल काय?’ असें विचारलें. ज्यांनीं उत्तरें धाडलीं त्यांतील दहांत नऊंहून अधिकांनीं साफ ‘नाहीं’ म्हणून लिहिलें! १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या लहानशा निबंधानें बोलणें आणि वागणें यांतली फारकत पंडितांच्या गळीं उतरविली. येथें ओठ वाईट होते. हात मात्र आतिथ्य करीत होते.

तेव्हां वाईट बोलणारा वाईटच वागेल, असें म्हणतां येत नाहीं. पण लापियेरचें जोडपें हॉटेलच्या दारांत कोणत्या परिस्थितींत उभें होतें हें ध्यानांत घेतलें पाहिजे. कपडे नीटनेटके, तोंडावर हसूं, बरोबर गोरा प्राध्यापक, खिशांत रोख पैसे, आणि भोंवतीं इतर गिऱ्हाइकांची वर्दळ. नाहीं म्हणणें तेथें जड होतें. पोलीस ठाण्यांत रात्रीं आणलेल्या माणसापाशीं यांतलें कांहींच नसतें. पुरावा अपुरा, वरिष्ठांचा तगादा मोठा, पाहणारा कोणी नाहीं. अशा वेळीं संशय कोणाकडे वळवावा हें ठरवितांना मनांत आधींपासून जें तयार असेल तेंच हाताला लागतें. हॉटेलच्या मालकाचा आकस त्याच्या धंद्यानें दाबून ठेवला. शिपायाचा आकस त्याच्या धंद्यानें दाबला जाईलच असें नाहीं. कधीं कधीं तर त्याला ‘अनुभव’ म्हणून मान मिळतो.

हें ‘आधींपासून तयार असलेलें’ येतें कोठून, हा विचार करतांना मात्र इंग्लंड सोडून घराकडे यावें लागतें. वर्णद्वेष हा शब्द परदेशांतल्या गोष्टींसाठीं राखून ठेवण्याची आपल्याकडे संवय आहे. पण जन्मावरून माणसाचें शील ठरविण्याची रीत येथेंहि होती, आणि ती बराकींतल्या कुजबुजींतून निघालेली नव्हती. ती कायद्याच्या पुस्तकांत छापलेली होती. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें सबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला. नोंदलेल्या माणसानें ठराविक वेळीं हजेरी द्यावयाची, परगांवीं जातांना दाखला घ्यावयाचा, बोटांचे ठसे द्यावयाचे. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत अशा लोकांची वसाहत केली होती. तिचें ‘सेटलमेंट’ हें नांव अजून लोकांच्या तोंडीं आहे. अशा घरांत जन्मलेलें मूल पाळण्यांतूनच संशयित ठरे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हें नांव मिळालें. पुस्तकांतून शब्द गेला. परंतु पुस्तकांतून हांकललेला शब्द कोठें तरी आसरा शोधतोच. तो बोलण्यांत राहिला. ‘ही जातच तसली’ असें जेव्हां एखादा वीस-बावीस वर्षांचा उमेदवार आज म्हणतो, तेव्हां तें त्याचें खाजगी मत आहे असें समजणें ही त्याची उगीच स्तुति होय. तें एका रद्द झालेल्या कायद्याचें कलम असतें. त्यानें तें वाचलेलें नसतें, जुन्या हवालदाराकडून ऐकलेलें असतें.

ही गोष्ट किनवटसारख्या तालुक्यांत विशेष स्पष्टपणें दिसते. पैनगंगेच्या कांठचा, सागवानी जंगलांचा हा नांदेड जिल्ह्यांतला तालुका. गोंड, कोलाम, आंध, परधान यांचीं गांवें व गुडे आणि बंजाऱ्यांचे तांडे यांनीं तो वसलेला आहे. १९५६ सालच्या प्रांतरचनेपर्यंत तो हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्या रचनेनें जी सीमा आंखली तिच्या दोन्ही बाजूंस बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बोली एक, सण एक, सोयरिकी एकमेकांत. पण पलीकडच्या आदिलाबादेंत बंजारा १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातींत गणला जातो, आणि अलीकडे किनवटांत तोच ‘विमुक्त जाती’ या सदराखालीं येतो. म्हणजे एका बहिणीचीं मुलें आदिवासी आणि दुसरीचीं विमुक्त. शील जर रक्तांतून येत असतें, तर तें सीमेच्या दगडापाशीं बदललें नसतें. शिक्का कागदाचा आहे, हें समजावून देण्यास याहून सोपा पाठ कोणत्याहि शिक्षणकेंद्राला मिळणार नाहीं.

याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यांत १९४० सालीं कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याच्या नेतृत्वाखालीं गोंड-कोलाम जंगलजमिनीच्या हक्कासाठीं उभे राहिले. पोलीस पाठविण्यांत आले. गोळीबारांत भीम व त्याचे कांहीं साथीदार ठार झाले. नंतर मात्र निजामाच्या सरकारला ‘हे लोक असे कां वागले?’ हा प्रश्न पडला, आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे चौकशीचें काम आलें. गोंडांच्या स्वभावांत त्याला बंडाचें मूळ सांपडलें नाहीं. राखीव जंगलाच्या रेघा, परक्यांच्या हातीं गेलेल्या जमिनी आणि खालच्या नोकरांची वसुली यांत तें त्याला सांपडलें. १९४३ सालीं मार्लवाई येथें गोंड शिक्षकांसाठीं केंद्र निघालें व गोंडी भाषेचीं प्राथमिक पुस्तकें देवनागरी लिपींत तयार झालीं. आधीं गोळी आणि मग चौकशी, हा क्रम मात्र दुर्दैवाचा खरा.

ज्यांच्याविषयीं बराकींत बोललें जातें त्यांचा अनुभव मराठी वाचकांपुढें उशिरां आला. लातूर जिल्ह्यांतील धनेगांवचे लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन १९८७ सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्याला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. पोलिसांच्या धाडी आणि घरांतल्या माणसांना होणारी मारझोड यांचें त्यांतलें वर्णन वाचून शहरी घरें हबकलीं. अनेकांना हें सारें मागच्या पिढीचें वाटलें असेल. पण त्यानंतरची एक गोष्ट अद्याप ताजी आहे.

२००३ सालीं महाराष्ट्रांत एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. खून पडले, बलात्कार झाला. भटक्या जमातींतील सहा मजुरांना पकडण्यांत आलें. २००६ सालीं सत्र न्यायालयानें सहाहि जणांना फांशी सुनावली. उच्च न्यायालयानें तिघांची जन्मठेप केली. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द करून पुन्हां सहाहि जणांस फांशीच दिली. तेंच प्रकरण फेरविचारार्थ पुन्हां उघडलें, आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच न्यायालयानें सर्वांना निर्दोष ठरविलें. हल्ल्यांतून वांचलेल्या साक्षीदारानें पोलिसांच्या छायाचित्रांच्या वहींतून आरंभीं निराळ्याच चौघांकडे बोट दाखविलें होतें; त्या चौघांचा तपासच झाला नाहीं, असें न्यायालयास आढळून आलें. हे आरोपी भटक्या जमातींतले व अत्यंत गरीब होते, त्यांना खोटें गोंवलें गेलें असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं, असेंहि न्यायमूर्तींनीं नमूद केलें. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई मिळाली. सोळा वर्षें गेलीं होतीं.

या प्रकरणांत कोणीहि कोणाच्या गप्पा चोरून ऐकल्या नव्हत्या. तपास करणाऱ्यांचें पोट काय म्हणत होतें हें आज कोणाला ठाऊक नाहीं, आणि तें ठाऊक असण्याची गरजहि पडली नाहीं. ठाण्यांतली वही उघडली, साक्षीदाराचें बोट कोठें पडलें होतें व शिपाई कोठें गेले हें ताडून पाहिलें, एवढें पुरेसें झालें. लॉरेन्सच्या खुनाच्या बाबतींतहि असेंच घडलें. संशयितांचें अत्यंत विषारी खाजगी बोलणें पोलिसांनीं १९९४ सालींच गुप्तपणें चित्रित केलें होतें. तेवढ्यावर कोणाला शिक्षा झाली नाहीं. २०१२ च्या जानेवारींत दोघे दोषी ठरले त्या खटल्यांत हें चित्रण पंचांना दाखविण्यांत आलें खरें, पण सरकारपक्षाचा मुख्य आधार होता तो जाकिटावरील रक्ताचा एक सूक्ष्म डाग.

शिवाय चोरून ऐकण्याची जरुरी तरी कितीशी आहे? ‘कॉमन कॉज’ व ‘लोकनीति’ या संस्थांनीं २०१९ सालीं देशांतल्या एकवीस राज्यांतील अकरा हजारांहून अधिक पोलिसांना प्रश्न विचारले. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे कमीअधिक झुकलेले असतात, असें सुमारें निम्म्या लोकांनीं सांगितलें. हें त्यांनीं मित्राला रात्रीं बराकींत सांगितलेलें नव्हे. हातांत प्रश्नपत्रिका घेऊन आलेल्या परक्या माणसाला, दिवसाढवळ्या सांगितलें. त्यांत लपविण्यासारखें कांहीं आहे असेंच त्यांना वाटलें नाहीं. ज्या गोष्टीची लाज वाटते ती माणूस पोटांत ठेवतो. जी सर्वांना मान्य आहे असें वाटतें ती सहज ओठांवर येते. म्हणून अशा बोलण्यावरून बोलणाऱ्याच्या अंतःकरणाचा थांग लागतो कीं नाहीं तें राहो; तो ज्या मंडळींत वावरतो तिचा थांग मात्र नक्की लागतो. आणि त्या मंडळींत जो मुलगा कांहींच बोलत नाहीं, नुसता ऐकतो, त्याचेंहि शिक्षण चाललेलेंच असतें.

न्यायालयांनीं अलीकडे अंतःकरणाचा नाद सोडून वहीकडे लक्ष पुरविलें आहे. केवळ एखादा माणूस मागास वा विमुक्त समाजांतला म्हणून त्याचें नांव ठाण्याच्या संशयितांच्या नोंदींत यांत्रिकपणें चढवूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें मे २०२४ मध्यें बजावलें. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला तुरुंगांतील कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकानाच काढून टाकण्याचा हुकूम झाला, आणि विमुक्तांना मनमानीनें अटक होऊं नये म्हणून आधीं घालून दिलेले नियम पाळण्याबद्दल पोलिसांना ताकीद मिळाली. हें योग्यच झालें. शिपायाचें मन धुवून काढण्यास एक पिढी लागेल; वहींतला रकाना एका दिवसांत खोडतां येतो.

राहतो तो ठाण्याच्या उंबऱ्यावरचा प्रसंग. किनवटच्या मुलुखांत मराठी, तेलुगु, दखनी उर्दू यांच्या जोडीला गोंडी, कोलामी व बंजाऱ्यांची गोरबोली चालते. इतर जिल्ह्यांतून आलेल्या शिपायाला यांतल्या बहुतेक अनोळखीच असणार. तोंडीं फिर्याद आली तर ती लिहून घ्यावी, फिर्यादीला वाचून दाखवावी, तिच्यावर त्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि एक प्रत त्याला विनामूल्य द्यावी, असें कायदा सांगतो. कोलामी बोलणारी एखादी म्हातारी फिर्याद घेऊन आली तर ती कोणत्या भाषेंत वाचून दाखवावयाची, याविषयीं त्या कलमांत एक अक्षरहि नाहीं.