पावसाळ्यात श्रवणयंत्राची जपणूक

मृगाचा पाऊस कोकणपट्टीत एकदा स्थिरावला, म्हणजे मिठाला पाणी सुटते, काडेपेटी पेट घेईनाशी होते, कपाटातल्या वहाणांवर बुरशी चढते. आणि याच दिवसांत घरातील वृद्ध मंडळींची तक्रार सुरू होते, की मशीन कानात असूनही बोलणे पुसट येते, मध्येच खरखर होते, मध्येच आवाज अजिबात बंद पडतो. घरच्यांचा समज बहुधा असा होतो, की कान आणखी गेले. वृद्धांचाही तोच होतो, आणि ते हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेऊ लागतात. वास्तविक अशा वेळी पुष्कळदा दोष कानाचा नसून यंत्रात शिरलेल्या ओलीचा असतो. आणि अल्प खर्चात निवारता येण्याजोग्या कारणापायी माणसाने महिनेच्या महिने संभाषणास मुकावे, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते.

पावसात भिजण्याची धास्ती सर्वांनाच असते, म्हणून छत्री उघडली जाते. परंतु यंत्राचे खरे नुकसान करणारी ओल बहुतकरून नित्याची आणि अदृश्य असते. कानामागे बसणाऱ्या यंत्राला दिवसभर घाम लागतो आणि घामात क्षार असतात. शिवाय कानाच्या पोकळीतली उष्ण, दमट हवा कानात बसवलेल्या साच्याच्या नळीत चढते आणि बाहेरच्या गार वाऱ्याने किंवा वातानुकूलित खोलीत शिरताच तिचे पाणी होते. या नळीचा पोकळ व्यास सुमारे 2 मिलिमीटर. तीत एक थेंब आडवा बसला, की यंत्र निर्दोष चालू असूनही ध्वनी कानापर्यंत पोहोचत नाही. नळी उजेडासमोर धरली, तर तो थेंब डोळ्यांना स्पष्ट दिसतो. अशा वेळी साचा नळीसह यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याने हवा मारली, म्हणजे अडथळा तत्काळ दूर होतो.

सेलची हकिकत याहून नाजूक आहे. श्रवणयंत्रातील बटणासारखा सेल जस्त आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगावर चालतो. त्याच्या पाठीवरची रंगीत चिकटपट्टी काढल्यावर जी सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात, त्यांतूनच तो श्वास घेतो. साहजिकच सेलचा कप्पा हवाबंद करता येत नाही, आणि जिथून हवा जाते तिथून आर्द्रताही जाते. छिद्रांवर पाणी साचले तर सेल गुदमरतो. दमट हवेत तो फुगतो वा पाझरतो, आणि कप्प्यातील धातूच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर धरतो. पुनर्भारित होणाऱ्या लिथियम सेलांना हवेची गरज नसल्याने असे सेल असलेली यंत्रे अधिक बंदिस्त करता येतात. काही यंत्रांवर ‘आयपी 68’ असा शेरा असतो. तो धूळ व पाणी यांपासूनच्या संरक्षणाचा उच्च दर्जा दर्शवतो खरा, पण ती परीक्षा नव्या यंत्राची आणि स्वच्छ पाण्यातली असते, वर्षानुवर्षांच्या घामातली नव्हे.

यास्तव खरा बंदोबस्त रात्रीचा. निजण्यापूर्वी यंत्र कोरड्या, मऊ फडक्याने पुसावे, सेल काढून बाहेर ठेवावा (ओल शोषणाऱ्या पदार्थासोबत ठेवल्यास तोही वाळून लवकर निकामी होतो), कप्प्याचे दार उघडे राखावे आणि यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत रात्रभर ठेवावे. काही जातींचे खडे निळ्याचे गुलाबी, काहींचे नारिंगीचे हिरवे होतात. रंग पालटला म्हणजे त्यांची शोषणशक्ती संपली असे समजून ते बदलावेत किंवा डबीवरील सूचनेप्रमाणे तापवून पुन्हा वापरावेत. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरून ठेवण्याचा प्रघात मात्र सोडावा. तांदळाची भुकटी ध्वनिग्राहकाच्या छिद्रांत जाऊन बसते. केंद्र शासनाच्या 1981 पासून चालत आलेल्या ‘एडिप’ योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रे मिळतात. अशा प्रत्येक यंत्राबरोबर ही डबी दिली जावी आणि तिचा वापर घरातल्या एखाद्या सुनेला, नातवाला समक्ष दाखवला जावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण थकलेल्या बोटांना सेलचे इवलेसे दार उघडणेही कठीण जाते.

एवढे करूनही यंत्र भिजलेच, तर ते चालते की नाही हे पाहण्याचा मोह आवरून प्रथम सेल काढावा, पाणी झटकून टिपून घ्यावे आणि निदान 24 तास ते शोषक डबीत राहू द्यावे. चूल, कडक ऊन अथवा केस वाळवण्याचे यंत्र यांच्या उष्णतेने बाहेरचे कवच आणि आतील जोड बिघडतात. समुद्राचे पाणी लागले असेल, तर मात्र वाट पाहू नये. क्षार धातूला लगोलग खाऊ लागतो, म्हणून यंत्र त्वरित दुरुस्तीस न्यावे, आणि ते खाऱ्या पाण्यात भिजले हे कारागिराला स्पष्ट सांगावे, म्हणजे तो ते उघडून आतून साफ करील.