द्वारका परिसरातील नागरी नियोजन व रहिवासी संघ (नाशिक)

हा लेख नाशिक शहरातील द्वारका या चौकाविषयी व त्याभोवतीच्या वस्तीविषयी आहे. गुजरातमधील तीर्थक्षेत्राशी त्याचा संबंध नाही.

द्वारका हा महाराष्ट्रातील नाशिक शहराच्या पूर्व भागातील एक प्रमुख चौक व त्यालगतचा निवासी-व्यापारी परिसर आहे. मुंबई-आग्रा महामार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३) आणि नाशिक-पुणे महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ५०, सध्याचा ६०) येथे एकमेकांना मिळतात. जुन्या नाशकातून सारडा सर्कलमार्गे येणारा रस्ताही याच चौकात उतरतो. यामुळे दूर पल्ल्याची मालवाहतूक, नाशिकरोड रेल्वे स्थानकाकडे जाणारे प्रवासी आणि काठे गल्ली, वडाळा नाका, टाकळी रस्ता या भागांतील रहिवाशांची रोजची ये-जा एकाच ठिकाणी येऊन मिळते. अशा परिसरातील रहिवासी संघ व गृहनिर्माण संस्था रस्ता-सुरक्षा, आरक्षणे आणि वाढते बांधकाम या प्रश्नांत कोणत्या मार्गाने भाग घेतात, त्या मार्गांना कायद्याचा आधार किती आणि मर्यादा कोणत्या, याचे विवेचन या लेखात आहे.

पार्श्वभूमी

नाशिक महानगरपालिकेची स्थापना ७ नोव्हेंबर १९८२ रोजी झाली. तत्पूर्वी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा वेगवेगळ्या नगरपालिका होत्या. एकत्रीकरणानंतर नाशिक व नाशिकरोड यांमधील मोकळी जमीन झपाट्याने भरत गेली आणि एके काळी गावाच्या कडेला असलेला द्वारका चौक शहराच्या मध्याशी आला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ इतकी नोंदली गेली. प्रशासकीयदृष्ट्या हा परिसर महापालिकेच्या नाशिक पूर्व विभागात मोडतो.

गावाबाहेरून जाणारा महामार्ग वस्तीने दोन्ही बाजूंनी वेढला गेला, की तो महामार्गही राहत नाही आणि शहरातील रस्ताही होत नाही. द्वारकेच्या बहुतेक अडचणींचे मूळ हेच आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरील उंच उड्डाणपूल २०१३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे शहरात न थांबणारी वाहने वरून जाऊ लागली. परंतु पुण्याकडे वळणारी वाहने, रिक्षा, शहर बस आणि पादचारी खालीच राहिले. पुलाचे खांब व सेवारस्ते यांमुळे चौकाची रचना अधिक गुंतागुंतीची झाली. पादचाऱ्यांसाठी चौकात भुयारी मार्ग बांधण्यात आला. मात्र त्याचा वापर फारच थोडा झाला. पायऱ्या उतरून, लांबचा वळसा घालून पुन्हा चढायचे, त्यापेक्षा वाहनांच्या मधून वाट काढणे लोकांना सोयीचे वाटते. याला केवळ बेशिस्त म्हणून चालणार नाही. वृद्ध, लहान मुलांना घेऊन चालणाऱ्या स्त्रिया आणि सामान वाहणारे लोक यांच्या सोयीचा विचार आराखड्यात किती झाला होता, हाही प्रश्न त्यात आहे.

१२ जानेवारी २०२५ रोजी द्वारका परिसरातील उड्डाणपुलावर लोखंडी सळया वाहणाऱ्या ट्रकवर मागून येणारा टेम्पो आदळून अनेक तरुणांचा मृत्यू झाला. या अपघाताने चौकाबरोबरच पुलावरील सुरक्षेचा प्रश्नही चर्चेत आला. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी शहरातील औरंगाबाद रस्त्यावर खासगी बस व ट्रक यांची धडक होऊन बसला आग लागली होती आणि १२ जणांचा बळी गेला होता.

रस्ता कोणाचा?

रहिवासी संघाला सर्वप्रथम सोडवावा लागतो तो हा प्रश्न. महामार्ग व त्यावरील पूल भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. वसाहतींमधील रस्ते, पदपथ, पथदीप व गटारे महापालिकेकडे असतात. सिग्नलची वेळ, एकेरी मार्ग, अवजड वाहनांवरील बंदी आणि वाहनतळ-मनाई यांचा निर्णय पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा घेते. चौकाच्या एकाच कोपऱ्यावरील खड्डा, विझलेला दिवा आणि उभी रिक्षा या तीन तक्रारी तीन कार्यालयांच्या असू शकतात. चुकीच्या कार्यालयात दिलेले निवेदन ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसरीकडे पाठविले जाते आणि तेथेच राहते. म्हणून अनुभवी संघ निवेदन देण्यापूर्वी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून रस्त्याची मालकी, देखभालीचा ठेका व दोषदायित्वाचा कालावधी यांची माहिती मागवतात. अशा अर्जास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

रहिवासी संघाची कायदेशीर स्थिती

एका इमारतीची गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदविली जाते आणि तिचा अधिकार स्वतःच्या आवारापुरता असतो. संपूर्ण वसाहतीचा संघ मात्र बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली नोंदविलेला असतो. अशा संघाला नियोजनाचा कोणताही वैधानिक अधिकार नाही. तो हरकत घेऊ शकतो, सूचना करू शकतो, माहिती मागू शकतो आणि न्यायालयात जाऊ शकतो; आदेश देऊ शकत नाही.

वैधानिक जागा आहे ती प्रभाग समितीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २९-अ नुसार या समितीत त्या क्षेत्रातील नगरसेवक व प्रभाग अधिकारी असतात. शिवाय अशासकीय व समाजाधारित संघटनांच्या जास्तीत जास्त तीन सदस्यांची नियुक्ती करता येते. मतदारांच्या थेट सभेची, म्हणजे क्षेत्रसभेची, तरतूद राज्यात २००९ च्या दुरुस्तीने झाली. परंतु कागदावरची ही सभा शहरांच्या व्यवहारात रुजली नाही. ग्रामसभेची सवय असलेला माणूस शहरात राहावयास आला, की त्याचा गावातला हा हक्क जणू वेशीवरच राहतो.

नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक नसल्याने प्रभाग समित्याही नव्हत्या. या काळात रहिवासी संघांना थेट विभागीय कार्यालय व आयुक्तांकडे जावे लागले.

रस्ता-सुरक्षा

रहिवाशांची सर्वांत नेहमीची मागणी गतिरोधकाची असते, आणि सर्वांत अधिक गैरसमजही त्याच बाबतीत आढळतात. भारतीय रस्ते महासभेच्या मानकांनुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर असावी. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून धक्का न बसता जावे, हा त्यामागील हेतू आहे. गल्लीत रातोरात घातलेले अरुंद, उंच उंचवटे या मापात बसत नाहीत. त्यांच्यामुळे दुचाकीस्वार पडतात आणि रुग्णवाहिकेलाही अडथळा होतो. राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर तर गतिरोधक ही योग्य उपाययोजनाच मानली जात नाही. तेथे मागणी करावयाची ती पादचारी टप्प्यासह सिग्नल, दुभाजकात थांबण्याची सुरक्षित जागा, प्रकाशयोजना व सूचनाफलक यांची. पदपथाबाबत मानक किमान १.८ मीटर मोकळ्या रुंदीचे आहे. मधोमध रोहित्र किंवा फलकाचा खांब उभा असेल, तर तो पदपथ नावापुरताच उरतो.

मागणीला वजन येते ते नोंदींमुळे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण अपघातप्रवण स्थळ ठरते. ही गणना पोलिसांत नोंदल्या गेलेल्या अपघातांवर अवलंबून असते. ‘आपसांत मिटवलेले’ अपघात तीत येत नाहीत, आणि त्यामुळे धोकादायक जागा कागदावर निर्धोक दिसू शकते. जखमीला रुग्णालयात नेल्यावर अपघाताची नोंद होईल हे पाहणे, हे शेजाऱ्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. पण निवेदनांच्या धांदलीत ते बहुधा विसरले जाते.

मोटार वाहन अधिनियमातील कलम २१५ खाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद असून महामार्ग, पोलीस, परिवहन व स्थानिक प्रशासन यांचे अधिकारी या समितीच्या बैठकीत एकत्र येतात. द्वारकेसारख्या अनेक मालकांच्या चौकासाठी हे व्यासपीठ सर्वांत उपयोगी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ हेही महत्त्वाचे आहे. रस्त्याचा आराखडा, बांधणी वा देखभाल यांत मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार अथवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

विकास आराखडा आणि आरक्षणे

शहराच्या वाढीचे मूळ दस्तऐवज म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांची नियोजन समिती सुनावणी घेते. हरकत एका पानाची असली तरी चालते. मात्र सर्व्हे क्रमांक, आरक्षण क्रमांक व सुचविलेला बदल तीत स्पष्ट लागतो. ‘आमच्या भागावर अन्याय झाला’ एवढ्या वाक्यावर सुनावणीत काही होत नाही. मंजूर आराखड्यात नंतर बदल करावयाचा असल्यास कलम ३७ खाली पुन्हा सूचना प्रसिद्ध करावी लागते. उद्यानाचे किंवा क्रीडांगणाचे आरक्षण बदलण्याचे प्रस्ताव याच वाटेने येतात, आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील ही लहान जाहिरात वाचणारा एखादा सदस्य संघाला फार उपयोगी पडतो.

नाशिकचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. याच अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. म्हणजे २०१७ च्या आराखड्यातील आरक्षणांचा हा टप्पा २०२७ मध्ये येतो. ज्या वसाहतींना मैदान, शाळा वा दवाखाना अद्याप मिळालेला नाही, त्यांच्यासाठी ही तारीख निर्णायक आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश शहरांसाठी एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. अनुज्ञेय चटईक्षेत्र तीत मुख्यतः लगतच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. त्यामुळे जुने बंगले व तीन मजली इमारती यांच्या जागी उंच इमारती येतात. पाणी, मलनिस्सारण व वाहनतळ यांवरील भार मात्र संपूर्ण गल्लीवर पडतो. पुनर्विकासाचा निर्णय त्या एका संस्थेच्या सभासदांचा असतो, शेजाऱ्यांना त्यात मत नसते. रहिवासी संघ येथे मंजूर नकाशा व जोत्याचा दाखला यांच्या प्रती मागवून नियमभंगावर लक्ष ठेवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

टीका

रहिवासी संघ हे प्रामुख्याने सदनिकाधारकांचे असतात. भाडेकरू, रिक्षाचालक, हातगाडीवाले आणि रस्ता ओलांडून कामाला जाणाऱ्या घरकामगार स्त्रिया यांना त्यात क्वचितच स्थान मिळते. ‘चौक मोकळा करा’ या मागणीत अनेकदा फेरीवाल्यांचा रोजगारही मोकळा होतो. पथ विक्रेता अधिनियम, २०१४ ने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यावेत अशी तरतूद केली असून रहिवासी संघांनाही त्यात प्रतिनिधित्व आहे. दोन्ही बाजूंनी एकाच टेबलाशी बसण्याची ही दुर्मीळ वैधानिक संधी होय.

प्रस्तावित बदल

केंद्रीय अर्थसंकल्पात २०२१ मध्ये नाशिक मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. गंगापूर ते नाशिकरोड या प्रस्तावित मार्गिकेवर द्वारका येते. द्वारका चौकातील वर्तुळ काढून तेथे नव्या रचनेचा व वाहनांसाठी भुयारी मार्गाचा विचार २०२५ मध्ये पुढे आला. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पुणे व मुंबई या दोन्ही दिशांनी तपोवनाकडे येणारी गर्दी याच चौकाजवळून जाणार असल्याने या कामांना निकड प्राप्त झाली. वाहनांच्या भुयारी मार्गाच्या चर्चेत पादचाऱ्याने जमिनीच्या पातळीवरूनच, एका सिग्नलच्या वेळेत, चौक कसा ओलांडावा हा मुद्दा स्थानिक रहिवाशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा राहिला आहे.