दांडी, धड आणि चार स्क्रू

दांडी असलेल्या तंतुवाद्यात फार मोठा ताण सोसणारी एक जागा म्हणजे दांडी आणि धड यांचा सांधा होय. इलेक्ट्रिक गिटारच्या ज्या लांब भागाला वादक ‘नेक’ म्हणतात, त्याला येथे सतारीच्या परिभाषेतला ‘दांडी’ हा शब्द योजला आहे. नेहमीच्या वापरातल्या बारीक जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या, की त्यांची एकत्रित ओढ सुमारे ४६ किलो भरते. म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडे कमी वजन रात्रंदिवस त्या दांडीला पुढे वाकवू पाहत असते. हा सांधा एका केसाइतका जरी हलला, तरी तारांची उंची बदलते आणि वाद्य बेसूर होते.

ही ओढ पेलण्याची महाराष्ट्राला चांगली परिचित असलेली रीत मिरजेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब सतारमेकर यांनी सतार-तंबोऱ्यांची जी कारागिरी रुजवली, ती मूळच्या शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातून आली होती, आणि त्याच परंपरेतल्या मिरज सतार आणि मिरज तंबोरा या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथे भोपळा आणि दांडी यांच्या मधल्या गळ्याचा सांधा चिकटवून एकजीव केला जातो. असा सांधा देखणा असतो, पण वर्षानुवर्षांच्या ताणाने तो सरकला, तर त्याची दुरुस्ती जाणत्या कारागिराच्याच हातची राहते.

दुसरी रीत सांधा उघडता ठेवण्याची. ती इलेक्ट्रिक गिटारमध्ये सर्वत्र रूढ केली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी. ते स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांचा मूळ व्यवसाय रेडिओदुरुस्तीचा होता, आणि बिघडलेला भाग काढून नवा बसवण्याची त्या धंद्यातली सवय त्यांच्या वाद्यात स्पष्ट उतरलेली दिसते. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेल्या, आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारची दांडी धडातल्या खाचेत बसवून मागून चार स्क्रूंनी आवळलेली होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही तीच रचना राहिली. गिब्सन कंपनीने १९५२ साली आणलेल्या लेस पॉल गिटारची दांडी मात्र जुन्या पद्धतीने चिकटवलेली होती. चिकटवलेल्या सांध्याचा नाद अधिक काळ घुमतो, असे वादक आग्रहाने सांगतात. परंतु खाच नीट बसलेली असेल, तर स्क्रूचा सांधा नादात उणा पडतो असे मानण्यास सबळ कारण नाही.

विदर्भातल्या सुताराला उघडत्या सांध्याची ही कल्पना परकी वाटू नये. वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या परिसरात, कापूस-तुरीच्या आणि आता सोयाबीनच्या शेतीत, वखर आणि तिफण यांचे लाकडी भाग एकमेकांत बसवून पाचर ठोकून घट्ट करण्याची आणि झिजलेला भाग पाचर काढून बदलण्याची रीत जुनीच आहे. तेथेही सांधा टिकतो तो खाचेच्या अचूकपणावर. पाचर फक्त दाब देते. स्क्रूच्या दांडीचेही नेमके असेच आहे, आणि सुटे भाग आणून गिटार जोडणारे नवशिके सर्वाधिक चुकतात ते येथेच. स्क्रू जितके जाड आणि जितके जास्त आवळलेले, तितका सांधा पक्का, ही समजूत खोटी आहे.

या सांध्याच्या इंग्रजी नावात ‘बोल्ट’ असला, तरी नेहमीच्या गिटारमध्ये बोल्ट नसतात. लाकडाचे साधे स्क्रू असतात, सुमारे ४.२ मिमी जाडीचे आणि ४५ मिमी लांबीचे. ते मागच्या धातूच्या पट्टीतून आणि धडाच्या लाकडातून आरपार जाऊन दांडीच्या टाचेत, म्हणजे तिच्या रुंद बुडाच्या टोकात, शिरतात. या प्रवासात आटे केवळ दांडीच्या लाकडातच रुतले पाहिजेत, धडात मुळीच नाहीत. धडातले भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे, ४.५ मिमीच्या आसपास, ठेवावे, म्हणजे स्क्रू त्यातून हाताने सहज सरकतो. ते लहान राहिले, तर आटे दोन्ही लाकडांत एकाच वेळी धरतात, आणि दांडी व खाच यांच्यामध्ये राहिलेली कागदाएवढी फट मग कितीही जोर लावला तरी मिटत नाही. पेचकस फिरायचा थांबला म्हणून सांधा आवळला गेला असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही लाकडे एकमेकांपासून दूरच अडकून पडलेली असतात.

खोलीचा हिशेबही आधी कागदावर मांडावा. सर्वसाधारण धडाची जाडी सुमारे ४५ मिमी आणि खाचेची खोली १६ मिमी धरली, तर खाचेखाली २९ मिमी लाकूड उरते. त्यात पट्टीचे दोनेक मिमी मिळवले, की ४५ मिमी लांबीच्या स्क्रूचा १४ मिमी भागच टाचेत जातो. टाच सुमारे २५ मिमी जाड असल्याने एवढ्याने पुढची बाजू फुटत नाही, पण पट्टी न लावता स्क्रू बसवला किंवा लांब स्क्रू वापरला, तर त्याचे टोक पडद्यांच्या फळीपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. म्हणून ड्रिलच्या पात्याला ठरलेल्या खोलीवर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून खूण करणे, ही अगदी साधी पण कधीही न टाळण्याची गोष्ट आहे.

भोके पाडण्याआधी दांडी खाचेत दाबून, तिच्या दोन्ही कडांच्या तारा ताणून पाहाव्या लागतात, कारण दांडी जराशी तिरकी असली, तरी एका कडेची तार पडद्यांच्या बाहेर घसरते. तारांच्या जागी दोन दोरे बांधले तरी चालतात. याच वेळी घोडीची जागाही तपासावी : फेंडर पद्धतीच्या ६४८ मिमी लांबीच्या तारेत मेरूपासून, म्हणजे दांडीच्या टोकाजवळच्या तारांच्या पट्टीपासून, बारावा पडदा बरोबर ३२४ मिमीवर असतो, आणि घोडी त्याच्या पलीकडे तितक्याच अंतरावर, तार नीट सुरात यावी म्हणून किंचित मागे, पडली पाहिजे. मोजमाप जुळल्यावर दांडी क्लॅम्पने घट्ट धरून धडातल्या भोकांमधून टाचेवर खुणा कराव्यात, मग दांडी काढून सुमारे ३ मिमीची मार्गदर्शक भोके पाडावीत. टाचेचे लाकूड बहुधा कठीण मेपलचे असते. त्यात भोक न पाडता स्क्रू घुसवला, तर तो मध्येच तुटतो, आणि तुटलेला स्क्रू लाकडातून काढणे हे मूळ कामापेक्षा अवघड काम ठरते. आट्यांना कोरडा साबण चोळला, की स्क्रू सुरळीत आत जातो.

खाच किती घट्ट असावी, याचे उत्तर हवामानाने द्यायचे असते. वऱ्हाडातील मे महिन्यातली कोरडी हवा लाकडाला आकसवते, जुलै-ऑगस्टच्या दमटपणात ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. त्यामुळे उन्हाळ्यात ठोकून बसवलेली दांडी पावसाळ्यात खाचेच्या कडेला दाब देते आणि तेथील रंगाला तडा जातो. दांडी हाताने दाबून बसावी, उचलल्यावर धड लोंबकळावे आणि तरी निघताना पटाशीची गरज पडू नये, इतका मिलाफ पुरेसा आहे. सागवानाचे धड केले असेल, तर या पद्धतीचा आणखी एक लाभ होतो : सागाच्या तेलकटपणामुळे चिकटद्रव्य नीट धरत नाही, स्क्रूला मात्र त्याची बाधा नसते.

दांडीला किंचित मागे कल द्यावा लागला, तर खाचेत एका टोकाला पातळ तुकडा ठेवतात. सुमारे ७६ मिमी लांबीच्या खाचेत अर्ध्या अंशाचा कल हवा असेल, तर टोकाशी ०.६६ मिमी जाडी पुरते. पण तो तुकडा चिठोऱ्याएवढा न ठेवता संपूर्ण खाचभर निमुळता केलेला असावा, कारण खाली पोकळी राहिली तर टाचच पुढे वाकू लागते. १९७१ साली फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टरला चाराऐवजी तीन स्क्रू आणि कल बदलणारी यंत्रणा दिली. त्या काळातल्या कित्येक गिटारींच्या दांड्या बाजूला सरकतात अशी तक्रार झाली. दोष तीनच्या आकड्याला दिला गेला, पण सैल कापलेल्या खाचेचा वाटा त्यात मोठा होता.

सगळे जुळल्यावर शेवटचे एक काम तारा चढवूनच करायचे असते. वाद्य सुरात लावून चारही स्क्रू पाव फेरा सैल करावेत. तारांची ओढ दांडीला खाचेच्या आतल्या भिंतीवर नेऊन टेकवते, आणि लाकडातून पुष्कळदा एक बारीक ‘टक’ असा आवाज येतो. तो आल्यावर स्क्रू कोनाकोनी क्रमाने पुन्हा आवळावेत.