एक पत्ता, दोन दावेदार

वृद्धांच्या मधुमेहाची, रक्तदाबाची चौकशी आता अनेक घरांत व्हिडिओ कॉलवरही होते. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ओपीडी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू झाली. पण डॉक्टर औषधाची मात्रा सांगत असतानाच चित्र गोठते, आवाज तुटतो. दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो, महागडा प्लॅन घेतला जातो. काही वेळा मात्र बिघाड घरातच असतो. वाय-फायवरच्या दोन उपकरणांकडे एकच पत्ता असतो.

हे समजून घ्यायला उल्हासनगरचे उदाहरण सोयीचे आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले. १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. इथला जुना पत्ता म्हणजे कॅम्प, बॅरेक आणि खोलीचा क्रमांक. पाच नंबरची खोली अनेक बॅरेकमध्ये असली तरी पोस्टमन गोंधळत नाही. पण एकाच बॅरेकमध्ये दोन दारांवर ‘५’ लिहिले, तर पत्र कधी इथे, कधी तिथे जाणार.

घरातल्या नेटवर्कचेही तसेच आहे. १९२.१६८.१.५ हा आयपी पत्ता लाखो घरांत असू शकतो. त्याने काही बिघडत नाही. एकाच घरात तो दोघांकडे असला की माहिती चुकते.

असे का होते? पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो आणि ते ठरावीक मुदतीसाठी देतो. कॅमेरा किंवा प्रिंटर बसवताना कोणी हाताने कायमचा पत्ता भरला, तर राउटर तोच दुसऱ्याला देऊ शकतो. वीज जाऊन आल्यावर अनेक घरगुती राउटरची वाटपाची यादी पुसली जाते. वरच्या खोलीसाठी जोडलेला दुसरा राउटरही परस्पर पत्ते वाटू लागतो.

आधी निदान करावे. तोच कॉल मोबाइल डेटावर नीट चालला, तर संशय घरच्या वाय-फायवर घ्यावा. संगणकावर आयपी पत्त्याच्या संघर्षाची सूचना दिसली, किंवा एक उपकरण बंद करताच दुसरे सुरळीत झाले, तर संशय बळावतो.

उपाय बहुधा बिनखर्ची आहे. राउटर आणि सर्व उपकरणे बंद करून आधी राउटर सुरू करावा, मग एकेक उपकरण. हाताने भरलेला पत्ता काढून ‘ऑटोमॅटिक’ निवडावे. कॅमेऱ्याला कायमचा पत्ता हवाच असेल, तर तो राउटरमध्येच राखून ठेवावा. दुसऱ्या राउटरचे पत्तेवाटप, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करावे आणि त्याचा स्वतःचा पत्ताही पहिल्यापेक्षा वेगळा ठेवावा.

दुरुस्ती होईपर्यंत तुटक ऐकलेल्या मात्रेवर विसंबू नये. ई-प्रिस्क्रिप्शन वाचूनच गोळी द्यावी. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे अशा वेळी कॉल जोडत बसू नये. थेट १०८ क्रमांक फिरवावा.