रोपांच्या डोक्यावरचे छप्पर

नंदुरबार म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लाल मिरची येते. पथारीवर वाळत पडलेली, गावात शिरण्याआधीच नाकाला वर्दी देणारी! तिच्यामागोमाग शहादे-तळोद्याकडची पपई आणि केळी. पण ही मिरची, ही पपई शेतात उभी राहण्याआधी महिना-दीड महिना कोठे वाढते, हा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. मलाही पडला नव्हता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मराठीची पदवी घेऊन रोपवाटिका घातली, आणि एका उन्हाळी सुटीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा हे जग पहिल्यांदा पाहिले.

लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेली जाळी, आणि आत प्लॅस्टिकच्या ट्रेंची रांगच रांग. ट्रेच्या एकेका खळग्यात माती नसते, तर नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. त्यात एकेक बी. बाहेर मे महिन्याचे खानदेशी ऊन आग ओकत असते आणि आत हिरवट सावलीत ती इवलीशी पाने टुकटुक बघत असतात. जाळी ऊन अडवते, शिवाय पांढरी माशीही अडवते, कारण ती आपल्याबरोबर विषाणूचा रोग घेऊन येते. पपईचे संकरित बी तर इतके महाग, की हाताला चिकटलेला दाणाही शोधून काढतात. “सर, ही बालवाडी आहे,” तो म्हणाला. “पालकांनी फी आगाऊ भरलेली आहे!” पालक म्हणजे शेतकरी. रोपांची नोंदणी करून त्यांनी इसारा दिलेला असतो, आणि पाऊस पडला की त्यांना त्याच आठवड्यात रोपे हवी असतात.

त्यानंतरच्या एका मेअखेरीस संध्याकाळी वळीव आला. वाऱ्याने जाळी उचलली, नळ्या वाकल्या, ट्रे उलटेपालटे झाले. मी समाचाराला फोन केला आणि शहरी शहाणपणाने विचारले, “विमा उतरविला होतास ना?”

“होता ना, सर. तीच तर गंमत आहे.”

ती गंमत मला नीट समजावून घ्यावी लागली. कर्ज देताना बँकेने विमा करायला लावला होता, पण तो कर्जाच्या रकमेएवढा. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. सांगाडा वीस लाखांचा, विमा दहा लाखांचा आणि नुकसान चार लाखांचे. आपण म्हणू, दहा लाखांच्या आत आहे, म्हणजे चारही लाख मिळतील. तसे होत नाही! निम्म्या मालमत्तेचा विमा म्हणून निम्मी भरपाई, म्हणजे दोन लाख. उरलेल्या निम्म्याचा विमेदार तुम्ही स्वतःच, असे विमावाले मानतात. याला ते ‘ॲव्हरेज’ म्हणतात. २०२१ च्या एप्रिलपासून पाच कोटींपर्यंतच्या लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली. तीत शेकडा पंधरापर्यंतची तूट पोटात घातली जाते. पण पन्नासाची तूट कोण पोटात घालणार?

हे झाले सांगाड्याचे. रोपांचे काय? येथे तर आम्हां भाषेच्या मास्तरांनाही लाजवील असा शब्दांचा कीस निघाला. रोप हे पीक की माल? पीक म्हणावे, तर २०१६ साली सुरू झालेली पंतप्रधान पीक विमा योजना ठरावीक भागातल्या ठरावीक पिकांसाठी आहे, आणि ट्रेमधले रोप त्या यादीत नाही. माल म्हणावे, तर पॉलिसीत ‘स्टॉक’ म्हणून त्याची नोंद हवी, आणि जिवंत वस्तू माल म्हणून चालेल की नाही हे कंपनीकडून आधी लेखी घ्यायला हवे. माझ्या विद्यार्थ्याने यांतले काहीच केले नव्हते. रोपांची भरपाई शून्य.

पीकविम्याचा दोष काढावा असेही नाही. शेतोशेत जाऊन नुकसान मोजणे अशक्य, म्हणून साऱ्या परिसराच्या सरासरी उत्पन्नावरून भरपाई ठरवावी, असा विचार आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७६ च्या सुमारास मांडला, आणि १९७९ पासून त्या वाटेने प्रयोग सुरू झाले. लहान शेतकऱ्यांच्या देशाला ती वाट सोयीची होती. पण गुंठ्याच्या हिशेबात मावणारी रोपवाटिका मंडळाच्या सरासरीत दिसणार तरी कशी?

आणखी एक धोका त्याने सांगितला, तो मला वाऱ्यापेक्षाही मोठा वाटला. रोप दिसायला निरोगी, पण शेतात गेल्यावर दोन महिन्यांनी रोगट निघाले किंवा भलत्याच वाणाचे निघाले तर? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष बियाण्याच्या प्रकरणात शेतकऱ्याला ग्राहक मानले. रोपे विकणाऱ्याने त्यातून काय ते समजावे. फळरोपांच्या विक्रीला तर आपल्याकडे १९६९ पासून परवान्याचा कायदाच आहे. अशा दाव्यांसाठी जबाबदारीचा विमा वेगळा असतो. आगीच्या आणि वादळाच्या पॉलिसीत तो आपोआप येत नाही.

‘विमा’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भीती आहे. मराठीत आपण विमा ‘उतरवितो’, जणू डोक्यावरचे ओझे. त्या वर्षी माझ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरले नाही. त्याने इसारा परत केला. त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. नोंदणी केलेल्यांपैकी निम्मे शेतकरी पुढच्या हंगामात त्याच्याकडे परत आले, हेच त्याचे भांडवल.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो होतो. सांगाडा नवा, जाळीला कडेने दुहेरी तार आणि वाऱ्याच्या बाजूला शेवग्याची दाट रांग. विमा आता पूर्ण किमतीचा आहे आणि रोपांची नोंद वेगळी. दर सोमवारी त्याची बायको ट्रे मोजून वहीत लिहिते, तारखेसह फोटो काढते. बियाण्याच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या असतात. मी ती वही चाळत होतो, तेवढ्यात पश्चिमेला ढग दिसले. ती माझ्या हातातून वही घेत म्हणाली, “द्या सर, आजचे मोजायचे राहिलेत.”